शिक्का मारणारं फंक्शन

“नो फंक्शन डेफिनिशन, फनकॉल,” असं स्क्रीनवर आलं होतं आणि बोंडे साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहून ते आरतीच्या सुरात वाचत होते. वाचून समाधान झाल्यावर म्हणाले, “मॅडम, हे इंग्रजी आहे एवढं मले समजलं. पण हे म्हणून काय राहिलं?”

“म्हणतंय की फनकॉल नावाचं कोणी इथे कामाला नाही.”

“मग ठेवून घ्या त्याले कामावर.”

बोंडे साहेब आमच्या ऑफिसचे मालक. ऑफिस नागपूरला सदरमध्ये. खाली बॅटऱ्यांचं दुकान, वर आम्ही. आम्ही स्टील स्ट्रक्चरची फॅब्रिकेशन ड्रॉइंग करतो. म्हणजे डिझाइन करणारा इंजिनिअर सांगतो की इथे इतका मजबूत गर्डर लागेल. सांगून तो एसीत जाऊन बसतो. पण वर्कशॉपमधल्या माणसाला तेवढं पुरत नाही. प्लेट केवढी कापायची, भोक कुठे पाडायचं, किती मोठं पाडायचं, हे त्याला प्रत्येक तुकड्याचं वेगळं कागदावर लागतं. ते कागद आम्ही बनवतो. माझं आडनाव मेश्राम, कार्डावर ‘कॅड मॅनेजर’ लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात कोणाचं काहीही अडलं, अगदी प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी, तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहतो.

आमच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या पोटात लिस्प नावाची एक भाषा आहे. फार जुनी. मी नोकरीला लागले तेव्हाच लोक तिला म्हातारी म्हणायचे आणि ती अजून धडधाकट आहे. तिच्यात मुख्यतः कंस असतात. उघडलेला प्रत्येक कंस बंद करावा लागतो. एखादा राहिला तर ती ओरडत नाही, नुसती तुमच्या तोंडाकडे बघत बसते, लग्नात जावयाच्या मानपानात काही राहिलं की व्याही बसतात तशी.

या भाषेत मी कैक वर्षांत बारीकसारीक फंक्शनं लिहून ठेवली होती. फंक्शन म्हणजे एक ठरलेलं काम करणारा नोकर. नाव घेऊन हाक मारायची, तो काम करतो. एक फंक्शन ड्रॉइंगमधल्या रेषा आपापल्या जागी लावायचं, एक अक्षरं एका मापाची करायचं, एक मापं ताजी करायचं. चौथं तपासणीचं. ते माझं लाडकं. दोन तुकडे बोल्टनं जोडायचे असतील तर दोघांची भोकं एकमेकांसमोर यायला हवीत. तपासणीचं फंक्शन दोन्ही ड्रॉइंगांतली भोकं जुळवून बघायचं. पाचवं शिक्क्याचं. ते कोपऱ्यात ‘चेक्ड’ असा चौकोन टाकायचं आणि त्यात बोंडे साहेबांची स्कॅन केलेली सही चिकटवायचं. शेवटचं पीडीएफ काढायचं.

आता उमरेडकडच्या एका कोळसा धुण्याच्या कारखान्याचं काम आलं होतं. कन्व्हेयर गॅलरी. म्हणजे उंच खांबांवर लोखंडी बोगदा, आणि त्याच्या आतून कोळसा वाहून नेणारा पट्टा. ड्रॉइंग इतकी होती की प्रत्येकात जाऊन एकेका फंक्शनला हाका मारता मारता आमच्या लोकांची बोटं दुखायला लागली. साहेबांनी फर्मान काढलं, “एक बटण करा. दाबलं की सगळं झालं पाहिजे.”

हे काम त्यांनी शंतनूला दिलं. शंतनू पुण्याहून आलेला, नवा इंजिनिअर, हुशार आणि अतिशय नम्र. मला ‘मॅम’ म्हणतो आणि आमच्या बोलण्यातलं ‘बे’ ऐकलं की अजून दचकतो. त्यानं सगळ्या फंक्शनांच्या नावांची एक यादी केली. आता यादीतल्या एकेकाला हाक मारणारा लूप हवा होता. तो त्यानं एआयला मागितला आणि एआयनं फनकॉल वापरून छान लिहून दिला. फक्त आमच्या लिस्पला फनकॉल ठाऊकच नाही.

“लिस्पच्याही बोली असतात,” मी शंतनूला म्हटलं. “तुझ्या एआयनं पुणेरीत लिहून दिलंय. आपल्या मशीनला नागपुरी समजतं.”

शंतनूनं फनकॉल काढून टाकलं आणि नुसतं चल-नाव कंसात घातलं. एफ म्हणजे यादीतलं चालू नाव. म्हणून कंसात एफ. आता मशीन म्हणालं, बॅड फंक्शन.

“बॅड म्हणजे काय, वाया गेलं?” बोंडे साहेब मागूनच.

इथे बहुतेक सगळे एकदा तरी अडखळतात, म्हणून सांगते. समजा मी एका चिठ्ठीवर ‘प्रफुल’ असं लिहिलं. प्रफुल हा आमच्याकडचा ड्राफ्ट्समन. यादीत माणसं नसतात, अशा चिठ्ठ्या असतात. शंतनूचा लूप चिठ्ठी उचलून चिठ्ठीलाच सांगत होता, ऊठ, ड्रॉइंग कर. चिठ्ठी कशी उठेल? तिला सांगायचं नसतं. तिच्यावर ज्याचं नाव आहे त्याला शोधून बोलवायचं असतं. आमच्या बोलीत हे काम अप्लाय करतं. अप्लाय, मग चिठ्ठी, मग सोबत काय सामान द्यायचं ते. आमच्या फंक्शनांना सामान लागत नाही, म्हणून तिथे निल. निल म्हणजे काही नाही.

शंतनूनं अप्लाय घातलं. बटण दाबलं. रेषा, अक्षरं, मापं, तपासणी, शिक्का, पीडीएफ. एकामागून एक सगळे आले, काम करून गेले. बोंडे साहेबांनी स्वतः दोनदा दाबून पाहिलं. मग तर्री पोहे मागवले. त्या दिवशी आम्ही सगळे एकमेकांवर खूश होतो.

खोट साहेबांच्या खुशीत होती. ते ज्याला-त्याला बोलावून बटण दाखवायला लागले. एकदा त्या कारखान्याचा माणूस ऑफिसात आला असताना त्यांनी त्याच्यासमोर दाबलं आणि ते तपासणीवर अडकलं. अडकायलाच हवं होतं. तपासणी मी तशीच लिहिली होती. भोकं जुळली नाहीत की तिनं तिथेच मुद्दाम कोसळायचं आणि खाली एरर दाखवायचा. ती कोसळली की लूप थांबतो, शिक्क्यापर्यंत गाडी जातच नाही. पाहुण्यानं विचारलं, “ये क्या आया?” साहेब म्हणाले, “कुछ नहीं, नेट स्लो है.”

पाहुणा गेल्यावर ते माझ्या टेबलाशी आले.

“मॅडम, हे एरर दिसणं बंद करा.”

“एरर दिसतो म्हणून आपल्याला कळतं, साहेब.”

“आपल्याले कळू द्या ना. त्याले काहून कळलं पाहिजे?”

“एक स्क्रीन आहे. आपण आणि तो, दोघंही तीच बघतो.”

“तुमच्या लिस्पमध्ये काहीतरी असेलच. चूक झाली तरी चूपचाप पुढे जायचं.”

होतं. त्याला कॅच-ऑल म्हणतात. अप्लायच्या जागी ते वापरलं की हाक मारलेलं फंक्शन कोसळलं तरी आवाज होत नाही. कॅच-ऑल त्याला अलगद झेलतं, काय झालं ते एका पुडीत बांधून तुमच्या हातात देतं आणि लूप पुढच्या चिठ्ठीकडे जातो. ती पुडी उघडून बघायची की नाही, ते तुमच्यावर. मी म्हटलं, उमरेडहून आले की नीट बसून करते. मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. साहेबांनी मान हलवली. त्यांनी मान हलवली की त्याचा अर्थ होकार असा मी धरते, आणि तो दर वेळी चुकतो.

लग्न छान झालं. बुद्धवंदना झाली, मंगल परिणय झाला, जेवणात वांग्याची भाजी इतकी झणझणीत होती की मुलाकडची मंडळी पाणी पीत पीत निघाली. मोबाइल मी पर्समधून बाहेरच काढला नाही.

परत आले त्या सकाळी टेबलाशी बसून मी माझ्या मागे बाहेर गेलेली ड्रॉइंग चाळत होते. ही माझी सवय आहे. सुट्टीवरून आल्यावर लोक आधी मेल बघतात, मी पीडीएफ बघते. त्यात एक गसेट प्लेट दिसली. गसेट म्हणजे सांध्यावरची जाड प्लेट. गॅलरीचे तिरपे आधार येऊन तिला बोल्टनं जखडतात. प्लेटीवर एका आधारासाठी सहा भोकं होती. त्या आधाराचं ड्रॉइंग उघडलं. त्याच्यावर आठ. मधल्या काळात डिझाइनवाल्यानं बोल्ट वाढवले होते, आमच्याकडे आधार बदलला गेला आणि प्लेट तशीच राहिली. असं होतं. याच्यासाठीच तर तपासणी आहे.

पण प्लेटीच्या कोपऱ्यात ‘चेक्ड’ होतं. आत बोंडे साहेबांची ती लांब शेपटीची सही.

मी तपासणीचं फंक्शन एकटं चालवून बघितलं. एका सेकंदात कोसळलं. मग शंतनूचा लूप उघडला. अप्लाय गेलं होतं, कॅच-ऑल आलं होतं. पुडी कोणी उघडत नव्हतं.

“शंतनू,” मी म्हटलं.

तो आला. स्क्रीन बघून त्याला काय ते कळलं असावं, कारण तो खुर्ची न ओढता उभाच राहिला.

“सर म्हणाले, एरर नको. मी सरांना विचारलं होतं मॅम, की थांबू या का तुम्ही येईपर्यंत. ते म्हणाले, मान हलवली आहे मॅडमनी.”

“मान त्यांनी हलवली होती.”

“मग आता तपासणी नापास झाली तरी...”

“तपासणी गपचूप पडते, लूप पुढच्या नावाला हाक मारतो. पुढचं नाव कोणाचं?”

तो हळूच म्हणाला, “शिक्क्याचं.”

पुण्याच्या माणसाला इतक्या थोडक्यात उत्तर देताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आता बाहेरच्यांना वाटेल, भोकं जुळली नाहीत तर काय, परत पाडा. तसं होत नाही. प्लेट वर्कशॉपमधून साइटवर जाते, क्रेननं वर जाते, आणि उंचावर लटकलेल्या माणसाला कळतं की बोल्ट जात नाही. खाली सुपरवायझर घाई करत असतो. मग तो माणूस गॅस कटरनं भोक जाळून मोठं करतो, शेजारी आणखी दोन जाळतो, बोल्ट ठोकतो, वरून रंग. खालून काही दिसत नाही. मी असे जाळलेले सांधे पाहिले आहेत. वेडीवाकडी भोकं, बोल्ट आत खुळखुळतो, आणि वरून कोळशानं भरलेला पट्टा रात्रंदिवस थरथरत असतो. गॅलरीखालून लोक ये-जा करतात, डबे खातात. एवढं मला माहीत असताना ‘मेल टाकते’ म्हणून बसणं शक्य नव्हतं.

प्रफुलनं सांगितलं की ड्रॉइंग दोन दिवसांपूर्वीच फॅब्रिकेटरकडे, म्हणजे प्लेटा कापून भोकं पाडणाऱ्या वर्कशॉपकडे गेली आहेत, हिंगणा एमआयडीसीत. मी त्यांच्या शेठला फोन लावला. फोन बंद. शेठ रायपूरला गेले आहेत आणि विमानात असावेत, असं त्यांच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली. फोरमन कवडूजींना लावला. रिंग वाजत राहिली. शेडमध्ये ड्रिल चालू असताना तिथे तोफ वाजली तरी ऐकू येत नाही.

बोंडे साहेब अजून आले नव्हते. शंतनूला मी सांगितलं, “तू हालू नको इथून. लूप तोच ठेव, कॅच-ऑल पण ठेव. पण आता प्रत्येक पुडी उघड. आत एरर असेल तर ड्रॉइंगचं नाव आणि फंक्शनचं नाव लिहून घे. सगळ्या ड्रॉइंगांवर चालव. शिक्का आणि पीडीएफ यादीतून काढून टाक. नावं कळली की मला फोन कर.”

“आणि तुम्ही?”

“मी हिंगण्याला जाते.”

नागपूरचा मे महिना. स्कूटरवर तोंडाला दुपट्टा गुंडाळून मी निघाले तेव्हा सीट अशी तापली होती की मला चिंचोळ्या गल्लीतून गाडी काढतानाही उभं राहावंसं वाटत होतं.

शेडमध्ये पोचले तर कवडूजी सीएनसी ड्रिलसमोर उभे. सीएनसी म्हणजे त्या मशीनला भोकांची मापं फाइलनं देतात आणि ते न चुकता तीच पाडतं. चुकीची दिलीत तर चुकीचीही न चुकता पाडतं. शेजारी कापलेल्या प्लेटांची थप्पी होती. वरची क्रेन एकेक प्लेट उचलून मशीनवर ठेवत होती. सगळ्यात वरच्या प्लेटीवर खडूनं नंबर लिहिलेला: जी-चार. मी पाहिली ती गसेट हीच.

“कवडूजी, काम थांबवा. ड्रॉइंगमध्ये चूक आहे.”

कवडूजी पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी खिशातून चष्मा काढला, ड्रॉइंग उघडलं, कोपऱ्यातल्या चौकोनावर बोट ठेवलं. “चेक्ड आहे ना, मॅडम.”

“तो शिक्का चुकून पडला.”

“शिक्का चुकून कसा पडते?”

याचं उत्तर मला एका वाक्यात देता येईना. फंक्शन, यादी, कॅच-ऑल हे सगळं ड्रिलच्या आवाजात ओरडून सांगायचं म्हणजे कठीणच होतं. मी म्हटलं, “कॉम्प्युटरनं मारला.”

“मग बरोबरच असंल,” कवडूजी म्हणाले. “मानसानं मारला असता तर मी इचारलं असतं.”

“अहो, मी सांगतेय ना चूक आहे.”

“तुम्ही सांगून राहिल्या, ते बरोबर आहे. पन मले शेठनं सांगितलं, शिक्का असंल ते ड्रॉइंग चालवायचं. उद्या ट्रक आहे. शेठचा फोन येऊ द्या, मी लगेच बंद करतो. मी बंद केलं आन् तुमचीच चूक निघाली, तर शेठ मले इचारल.”

त्यांचंही चूक नव्हतं. त्यांच्या हातात सहीशिक्क्याचा कागद होता आणि माझ्या हातात हेल्मेट. त्यांनी क्रेनवाल्याला खूण केली. क्रेन सरकत थप्पीवर आली. मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती, उचलायच्या मालावर किंवा मालाखाली माणूस असताना क्रेन चालवू नये.

मी थप्पीवर जाऊन बसले.

क्रेन थांबली. ड्रिल आपली हातातली प्लेट संपवून थांबलं. शेडमध्ये एकदम इतकी शांतता झाली की कोपऱ्यातला कूलर टपटपतोय ते ऐकू आलं. मेमध्ये पत्र्याच्या शेडमधल्या लोखंडावर बसणं कसं लागतं, ते मी इथे लिहीत नाही. थोड्या वेळानं एका वेल्डरला दया आली, त्यानं पोतं आणून दिलं. मी पोत्यावर बसले. मग डबा काढला, कारण नाही तरी जेवायची वेळ झाली होती.

“मॅडम, असं चालत नाही,” कवडूजी म्हणाले.

“मला माहीत आहे.”

“उठा.”

“शेठचा फोन आला की उठते.”

ते चिडले नाहीत. उलट स्टूल ओढून माझ्यासमोर बसले आणि विचारलं, “डब्यात काय आनलं?” भरली भेंडी होती. एक दिली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बोंडे साहेब.

“मॅडम, तुम्ही प्लेटांवर बसून राहिल्या काय? त्यांच्या ऑफिसातून फोन आला.”

“हो.”

“काहून?”

“जी-चारवर सहा भोकं आहेत, आधारावर आठ.”

“मग मी मेल टाकतो ना. तुम्ही या परत. लोक काय म्हणतील, आमच्या ऑफिसच्या बाया दुसऱ्याच्या शेडमध्ये जाऊन बसून राहतात.”

“मेल कवडूजी बघत नाहीत. ड्रिल बघतात.”

“पण तपासलं होतं ना? शिक्का आहे म्हणतात ते.”

“शिक्का फंक्शननं मारला. तपासणी पडली होती. तुम्ही एरर नको म्हणाला होता, म्हणून कोणाला दिसलं नाही.”

“बरं, पण फंक्शननं मारला तर मारला. फंक्शनले कोण विचारते?”

“साहेब, शिक्क्यावर सही कोणाची आहे?”

बोंडे साहेब मालक असले तरी मुळात इंजिनिअर आहेत. वर प्लेट चढल्यावर काय होतं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एका साइटवर त्यांनी स्वतः जाळलेला सांधा उतरवून घेतला होता, हे मी ऐकलं आहे.

“बसून राहा,” ते म्हणाले. “मी शेठचा दुसरा नंबर शोधतो.”

मी बसून राहिले. कवडूजींनी चहा मागवला. थोड्या वेळानं शंतनूचा फोन.

“मॅम, सगळ्या ड्रॉइंगांवर चालवलं. जी-चार आणि जी-सात, दोनच प्लेटा पडल्या. बाकी सगळ्या तपासणीतून नीट गेल्या. मी दोनदा चालवून पाहिलं. पहिल्यांदा पुडी उघडायच्या आधीच पुढच्या नावाला हाक मारत होतो, ते नंतर लक्षात आलं.”

“दुसऱ्यांदा?”

“दुसऱ्यांदा बरोबर. आणि मी हातानंही मोजली, भोकं. या दोन्हींची.”

हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मला फार बरं वाटलं, पण फोनवर मी फक्त ‘ठीक’ म्हटलं.

फोन ठेवून कवडूजींना सांगितलं, “सगळं नका थांबवू. जी-चार आणि जी-सात बाजूला काढा. बाकीचं चालवा.”

कवडूजींचा चेहरा एकदम सैल झाला. “हे आधी काहून नाही सांगितलं? सगळं बंद म्हनलं तर मी कसं करू? दोन बाजूले काढा म्हनलं तर काढतो. त्याले शेठ कशाले पाहिजे?”

मी म्हटलं, “आधी मलाच माहीत नव्हतं.”

मी उठले. क्रेननं जी-चारची थप्पी उचलून भिंतीशी ठेवली. कवडूजींनी स्वतः खडूनं तिच्यावर मोठी फुली मारली. जी-सात अजून कापायचीच होती. जी-चारच्या काही प्लेटांना भोकं पडून गेली होती. त्या कामातून गेल्या. नव्या जागी भोकं पाडायची तर जुनी मध्ये येत होती. शेठचा फोन लागला तोवर ड्रिल दुसऱ्या प्लेटांवर परत सुरू झालं होतं. शेठ म्हणाले, “मॅडम, आप बैठे क्यों थे? बोल देते.” मी म्हटलं, बोललेच होते.

संध्याकाळी ऑफिसला पोचले तर बोंडे साहेब शंतनूच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. वाया गेलेल्या प्लेटा त्यांनी आपल्या माथी घेतल्या होत्या. कारखान्याच्या माणसालाही त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं. नेट स्लो आहे, असं या वेळी म्हणाले नाहीत. आमची चूक होती, दोन प्लेटांची सुधारलेली ड्रॉइंग पाठवतो, असं सांगितलं. तो माणूस थोडा गुरगुरला आणि मग म्हणाला की दुसऱ्या एका पार्टीनं त्याला असं कधीच आधी कळवलं नव्हतं, साइटवर प्लेट चढल्यावरच कळायचं. आम्हाला पुढचं काम मिळेल असं मात्र तो म्हणाला नाही. अजूनही म्हटलेलं नाही.

मग आम्ही लूप बदलला. कॅच-ऑल राहिलं, कारण ते वाईट नाही. एखादं फंक्शन पडलं तरी बाकीची ड्रॉइंग रखडत नाहीत. पण आता प्रत्येक हाकेनंतर लूप पुडी उघडतो. आत एरर निघाला तर त्या ड्रॉइंगसाठी पुढच्या कोणालाही हाक जात नाही. शिवाय शिक्क्याचं फंक्शन मी वेगळं बांधलं. त्याला आधी तपासणीकडून होकार लागतो, तोंडी नाही, लिहून. होकार नसेल तर यादीनं कितीही बोलावलं तरी ते जागचं हलत नाही.

साहेबांचा एकच आग्रह राहिला. एरर इंग्रजीत नको, मराठीत हवा, म्हणजे परक्या माणसाला लगेच कळणार नाही. आम्ही मराठीत घातला. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तो नुसती प्रश्नचिन्हं होऊन आला. साहेब ती बघून म्हणाले, “चालते. अर्थ तोच आहे.” तरी शेवटी रोमन अक्षरांत लिहिलं: टपासनी झाली नाही, मेश्राम मॅडमले विचारा. ‘टपासनी’ असं वाचलं जातं ते शंतनूच्या रोमन स्पेलिंगमुळे. त्यानं दुरुस्त करायला घेतलं, साहेबांनी राहू दिलं.

त्याचा परिणाम असा की आता दिवसातून बऱ्याच वेळा लोक माझ्याकडे येऊन विचारतात. कवडूजी तर शिक्का असला तरी विचारतात. नवीन लॉट पोचला की त्यांचा फोन येतो. “मॅडम, चेक्ड आहे लिहिलं. तुम्ही पाहिलं का?” मी पाहिलेलं असेल तर हो म्हणते. नसेल तर थांबा म्हणते, आणि ते थांबतात.

ऑफिसात कोणी नवीन आलं की लिस्प मीच शिकवते. यादीतल्या फंक्शनांना एकामागून एक हाक कशी मारायची, ते एका ओळीत होतं. पोरं पाच मिनिटांत शिकतात आणि फार खूश होतात. मग मी दुसरी ओळ लिहायला लावते, जिच्यात पुडी उघडून कोण पडलं ते बघायचं असतं. ती बरोबर चालेपर्यंत कोणाला जेवायला सोडत नाही.